खिडकीतली औस्मा

औस्मा किल्ल्याच्या खिडकीत अडकली तेव्हा तिच्या धाकट्या भावाच्या, तालिसच्या, एका हातात तिची पर्स होती आणि दुसऱ्यात पिरागांची, खिमा भरलेल्या छोट्या पावांची, पिशवी. बहिणीला धरायला हात उरला नव्हता.

धरण झालं, दौगावा नदी फुगून किल्ल्याच्या पायथ्याशी आली आणि खालची वस्ती बुडाली. त्यातच त्यांचं घर गेलं. तालिस तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला काहीएक आठवत नव्हतं. ‘एकदा जाऊ’ म्हणता म्हणता पन्नास वर्षं गेली. आज आले, तर घराची जागा दिसेल अशी बुरुजात एकच अरुंद खिडकी. औस्माने डोकं घातलं, खांदे घातले, मग लोकरी कोटासकट उरलेली औस्मा. आता पुढे होईना नि मागे येईना.

“ताई, श्वास सोड!”

“सोडला. आता घेता येईना!”

त्याने पर्स आणि पिशवी खाली ठेवून पाय ओढला. बूट हातात आला आणि तालिस पिशवीवर बसला.

“काय चिरडलं रे?”

“पिराग.”

“सगळे?” आतून हंबरडा आला.

तिकीटवाली बिरुटा धावत आली. “डोकं घालू नये अशी पाटी आहे ना बाई!”

“ती वाचायच्या आधीच घातलं!”

“भिंतीला धक्का लावू नका. साबण आणते.”

ती गेल्यावर सगळं शांत झालं. तालिसने हळूच विचारलं, “ताई, काय दिसतंय गं?”



“धूर निघतोय. आईने पाव भाजायला घातलाय.”

“आणि बाबा?”

“होडीला डांबर लावतायत. तू कुंपणापाशी रडतोयस.”

“का?”

“मी ढकललं म्हणून.”

“तू? मला तर बदकाने पाडलं होतं!”

“तसं मीच घरात सांगितलं होतं.”

तालिस हसला, मग डोळे पुसू लागला.

बिरुटाने साबणाची बादली आणून औस्माच्या कमरेला हात घातला मात्र, औस्मा अलगद बाहेर आली.

“अगं ताई, कधी सुटलीस?”

“होडीच्या वेळीच.” तिचेही डोळे लाल होते. “तू विचारत होतास, मग कशी येऊ बाहेर?”

खिडकी मोकळी झाली होती. तालिसने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने बहिणीच्या पायात बूट चढवला आणि म्हणाला,

“मग जा परत आत. गोठा सांगायचा राहिलाय अजून.”