मुळात मामा

आमच्या सोसायटीत जगताप सरांना 'अंकल' म्हणायची चूक प्रत्येकाने एकदाच केलेली आहे. दुसऱ्यांदा करण्याची हिंमत कुणात उरत नाही.

मी सदाशिव पेठेत राहायला आलो त्या दिवशी आमचा सोफा जिन्यात अडकला होता. वरून एक उंच, हडकुळे गृहस्थ उतरत होते. मी म्हटलं, "अंकल, जरा थांबता का?" ते थांबले, पण सोफ्यासाठी नव्हे. "मुळात बघा," ते म्हणाले, "अंकल हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा अर्थ आईचा भाऊ. आपल्या मातोश्रींचं माहेर कुठलं?" घामाघूम होऊन मी सांगितलं, साताऱ्याचं. "मग आपला काही संबंध नाही," असं म्हणून ते सोफ्यावरून टांग टाकून निघून गेले.

सर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. इंग्रजांनी नात्यांचे शब्द वाटेल तसे सैल केले आणि आपण ते तसेच अंगात घातले, याचा त्यांना मनापासून संताप. तो ते मनात ठेवत नाहीत. मंडईत कुणी भाजीवालीला आंटी म्हटलं की हे पिशवी खाली ठेवून समजावणार, आंट म्हणजे मुळात आत्या, वडिलांची बहीण. त्यावर एका भाजीवालीने त्यांना ऐकवलं होतं की आत्या म्हणा नाहीतर आजी म्हणा, पण मेथी चिवडू नका.

एकदा माझ्या बायकोने त्यांच्यासमोर माझा उल्लेख 'माझे हजबंड' असा केला. सरांनी लगेच सांगितलं की हजबंड म्हणजे मुळात घरधनी, ज्याचं स्वतःचं घर आहे असा माणूस. मग माझ्याकडे वळून अत्यंत सभ्यपणे विचारलं, "आपण भाड्यानेच राहता ना?" बायको आठवडाभर हसत होती. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मला त्यांचा राग यायचा, तो या आगाऊपणाचा नव्हे. जगातल्या सगळ्या नात्यांची मुळं माहीत असलेल्या या माणसाकडे दिवाळीतसुद्धा एक पाहुणा फिरकत नसे. सर एकटेच दारात पणती लावायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शब्दांचे अर्थ सांगायचे. मला वाटायचं, हे पुस्तकी पांडित्य, दुसरं काय!

या उन्हाळ्यात ते एका संध्याकाळी खाली आले आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यांच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका होती, भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली. सरांना एकच बहीण. पत्रिकेत मुलीचे मामा म्हणून मात्र दुसरंच नाव छापलेलं. तो त्यांचा मावसभाऊ.

"कझन म्हणजे मुळात आईच्या बहिणीचं मूल," सर म्हणाले. "शब्दाच्या दृष्टीने निवड अचूक आहे."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून ते गिळलं. बायकोने चहा ठेवला, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. हिंजवडीच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथली जमीन बिल्डरला द्यायची ठरली, तेव्हा बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी असं भावकीतल्या थोरल्यांनी ठरवलं. सही आणायला सरांना पाठवलं, कारण तिचा जीव यांच्यावर. तिने कागद न वाचता सही केली, टोपण लावून पेन यांच्या हातात दिलं, आणि त्या वर्षापासून राखी आली नाही.

"मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो," सर म्हणाले. "मला उभं राहायचंय."

बोलावणं तरी आहे का, असं मी विचारलं. पत्रिका ग्रुपवर आहे आणि मी ग्रुपमध्ये आहे, असं उत्तर मिळालं. अपमान झाला तर? तर झाला, म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला बरोबर घेऊन ते लक्ष्मी रोडला गेले आणि भाचीसाठी पिवळी साडी घेऊन आले. दुकानदाराने 'अंकल' म्हटलं तरी ते काही बोलले नाहीत, असं बायकोने मला घरी येऊन हलक्या आवाजात सांगितलं.

लग्नाला मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं. कार्यालयात दारातल्या माणसांनी रामराम केला, पण पुढे या असं कुणी म्हटलं नाही. सर सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसले, साडीची पिशवी मांडीवर घट्ट धरून. बहीण स्टेजवर होती. तिने आम्हाला पाहिलं आणि मान फिरवली. मी म्हटलं, सर, चला, निघू. ते म्हणाले, "मंगलाष्टकं होऊ द्या." मला त्यांची दया आली, पण तिचा रागही येईना.

गुरुजींनी माइकवरून पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. फेटा बांधलेला मावसभाऊ उठला. तेवढ्यात बहिणीने हाताने त्याला थांबवलं. ती स्टेजवरून उतरली, खुर्च्यांमधून वाट काढत थेट आमच्या रांगेपर्यंत आली आणि सरांसमोर उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली, "बसलाय काय? पोरगी खोळंबलीया."

सर उठले. पिशवी त्यांनी तिच्या हातात दिली.

भाचीला घेऊन ते मांडवात आले तेव्हा बोडकेच होते. मावसभावाने आपला फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला, पण तो त्यांना फार मोठा झाला आणि घसरायला लागला. मंगलाष्टकं संपेपर्यंत सर भाचीच्या खांद्यांवर हात ठेवून उभे होते, आणि त्यांच्या मागे बहीण फेटा धरून उभी होती.