फोरमनसाहेबांचं सील

सकाळी सात वाजता पीठ मळायच्या मशीनमधून तेलाचा एक काळा थेंब निघाला आणि बरोबर दहा किलो मैद्याच्या मधोमध पडला.

"एकच तर थेंब आहे," फोरमनसाहेब म्हणाले.

"मग पावाच्या पिशवीवर तसं छापू का? आत एकच थेंब आहे म्हणून?" बाईंनी अख्खा गोळा कचऱ्याच्या डब्यात लोटला. बेकरी बाईंची होती. साहेब, म्हणजे बाईंचे यजमान, कारखान्यातून निवृत्त होऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत त्यांनी बेकरीतल्या ओव्हनचा टायमर, वजनकाटा आणि दुकानाची घंटा 'सुधारली' होती. घंटा आता दार बंद होताना वाजायची.

"कंपनीचा मेकॅनिक बोलावते मी."

"घरात फोरमन असताना? अगं, ऑइल सील गेलंय. रबराची एक रिंग! गिअरबॉक्सचं तेल आत धरून ठेवते, बस्स."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "चार वाजता दुसरं पीठ मळायचंय. तोवर झालं तर ठीक. नाहीतर तुमची हत्यारांची पेटी माळ्यावर, आणि तुम्ही दुकानाच्या उंबऱ्याबाहेर. कायमचे."

साहेब हसले खरे, पण लगेच पेटी उघडली. उंबऱ्याबाहेर म्हणजे गॅलरीतल्या खुर्चीत, कुंड्या मोजत.

त्यांनी मशीनचं डोकं मागे कलंडवलं, तेल काढलं आणि स्क्रूड्रायव्हर घालून जुनं सील उचकटलं. त्याचे चार तुकडे झाले. सीलवर छापलेलं माप पाचव्या तुकड्यावर असावं, कारण तो सापडला नाही. मग साहेबांनी अंगठा आणि तर्जनी, सील ज्या दांड्यावर बसतं त्या शाफ्टभोवती धरली, तसाच गोल सांभाळत हात पुढे केला आणि बाजाराची वाट धरली. वाटेत पोस्टमनने रजिस्टर पत्रावर सही मागितली. साहेबांनी ती डाव्या हाताने केली. पोस्टमनने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "बरं आहे ना सगळं?"

सीलवाल्या दुकानदाराने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. "आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी?"

"हे एवढं."

"साहेब, तुमचं बोट थरथरतंय. छत्तीसपासून चाळीस मिलिमीटरपर्यंत काहीही असू शकतं."

साहेबांनी पाचही मापं घेतली. एक बसलं. म्हणजे बसेल असं वाटलं. एका बाजूने हातोडी मारली की दुसरी बाजू वर यायची, आणि ती दाबली की पहिली. दहा मिनिटांत सीलच्या रबराभोवतीची पत्र्याची कड पापडासारखी वाकली.

दुकानदार म्हणाला, "इतक्यात परत?"

"जादा असावं एखादं घरात," म्हणत साहेबांनी त्याच मापाची दोन घेतली.

दुसरं सील बसलं. साहेबांनी तेल भरलं आणि बटण दाबलं. आता थेंब पडला नाही. धार लागली.

साडेतीन वाजले होते. धार ऐकून सून आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि कशाचंही कारण कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने सील काढून उजेडात धरलं. "बाबा, ही आतली पातळ कड बघा. हीच शाफ्टला घट्ट धरते. ती कापली गेलीय. शाफ्टवरच्या या खाचेची धार लागली असणार. आणि कोरडंच घातलंत ना?" मग ती शाफ्टवर नख फिरवत म्हणाली, "इथं चरही पडलाय. जुनी कड वर्षानुवर्षं घासून. नवी त्याच चरात बसवली तर गळणारच."

"मला माहीत आहे ते!" साहेब म्हणाले. आणि ते खरं होतं. याच चुकांसाठी त्यांनी कित्येकांना झापलं होतं.

बाई हात पुसत आल्या. "अहो, कारखान्यात तुम्ही स्वतःच्या हाताने शेवटचं सील कधी बसवलंत?"

साहेबांनी छताकडे बघून हिशेब केला. मग छत सोडून जमिनीकडे बघितलं.

"फोरमन झाल्यापासून... मी सांगायचो."

"किती वर्षं?"

"पंचवीस."

सून खोकल्यासारखं करून वळली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी उरलेल्या सीलांतून सुनेकडून मापाचं निवडून घेतलं. "आज मी सांगते. तुम्ही बसवा. आधी त्या खाचेवर टेप गुंडाळा. आता कडेला तेल चोळा. साच्याला तूप न लावता मी कधी केक ओतते का?"

साहेबांनी तेल चोळलं.

"हातोडी ठेवा खाली." बाईंनी मध्ये भोक असलेला केकचा साचा शाफ्टवरून सरकवला आणि सीलवर टेकवला. "आता यावरून दाबा, चारी बाजूंनी सारखं. बिस्किटाची कड दाबतात तसं. सूनबाई, किती आत?"

"पूर्ण नको, आई. दोन मिलिमीटर अलीकडे थांबवा. म्हणजे कड चर सोडून कोऱ्या लोखंडावर बसेल."

"थांबा! डावीकडे जास्त जातंय. हां. हळू. रागावू नका, दाबा."

साहेब दाबत होते. कपाळावर घाम, नाकावर तेलाचा ठिपका. सील कुठेही न वाकता सरळ आत गेलं, आणि बोटांना ते जाणवलं. पंचवीस वर्षांत असं काही जाणवलं नव्हतं.

टेप निघाली, तेल भरलं, बटण दाबलं. तिघांनी खाली पांढरा कागद धरून पाच मिनिटं श्वास रोखला. कागद कोराच राहिला. चारला दोन मिनिटं असताना मैदा पडला.

साहेबांनी घसा साफ केला. "मग... पेटी?"

"राहू दे इथेच." बाई पीठ चाळत होत्या. "आणि उद्या पहाटे साडेपाचला या. ओव्हनच्या दाराची बिजागरी सैल झालीय, मी उभी राहून सांगते. उशीर झाला तर खाडा मांडीन."

जन्मभर दुसऱ्यांचे खाडे मांडलेल्या फोरमनसाहेबांनी मुकाट्याने पाचचा गजर लावला. मग जरा विचार करून पावणेपाचचाही लावला.