जावईबापूंचा कॅमेरा आणि बादशाचा डोळा

केजच्या एका पतसंस्थेत कारकून असलेल्या सोमेश्वरनं ‘फोटो मीच काढतो’ हे वाक्य उच्चारलं, तेव्हा त्याच्या तोंडात पोह्यांचा घास होता. त्यामुळे फोनवर पलीकडे असलेल्या मेव्हण्याला ते नीट कळलंच नाही. तिथंच गप्प बसला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्यानं घास गिळला, वर घोटभर पाणी घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा, सुस्पष्ट आवाजात म्हटलं.

मेव्हणा म्हणजे अभिमन्यू, सोमेश्वरच्या बायकोचा, मोहिनीचा धाकटा भाऊ. शिरूर कासारच्या पुढं एका वस्तीवर राहणारा, कायम कडक इस्त्रीत वावरणारा आणि पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून बसलेला. वडिलांची पंच्याहत्तरी थाटात करायची असं त्यानं ठरवलं होतं. वडील आप्पाराव जन्मभर मेंढरांमागं फिरलेले. त्यांचा जन्म नेमका कधीचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आधार कार्डावर एक जानेवारी छापली होती आणि आधार कार्डाशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. मांडव, जेवण, सत्कार आणि स्टेजवर भलंमोठं फ्लेक्स असा बेत होता. अडचण एवढीच, की आप्पारावांचा एकही धड फोटो घरात नव्हता. लग्नाकार्यात सगळे फोटोला उभे राहायचे तेव्हा हे कुठल्या तरी माळावर असायचे. आधार कार्डावरच्या फोटोत ते स्वतःच आहेत, हे फक्त सरकारला मान्य होतं.

“बीडहून फोटोग्राफर बोलावतो की, दाजी,” अभिमन्यू म्हणाला.

“कशाला? माझा नवा कॅमेरा आहे. तो डोळा ओळखतो.”

“कुणाचा?”

“समोरच्याचा! माणूस हलला, वळला, तरी एक हिरवी चौकट बरोब्बर त्याच्या डोळ्यावर जाऊन बसते. फोकस चुकूच शकत नाही. आपण फक्त बटण दाबायचं.”

(हा ‘कुणाचा’ प्रश्न अभिमन्यूनं सहज विचारला होता. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत शहाणा प्रश्न ठरणार होता, हे त्यालाही माहीत नव्हतं.)

कॅमेऱ्याबद्दल सोमेश्वर खोटं बोलत नव्हता. तो खरोखरच डोळा ओळखायचा. मेनूत माणूस, जनावर आणि पक्षी असे तीन पर्याय होते. ज्याचा फोटो काढायचा तो निवडायचा. सासुरवाडीला निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्यांची मांजर कंपाउंडच्या भिंतीवर बसली होती, तेव्हा सोमेश्वरनं ‘जनावर’ निवडून पाहिलं. मांजरीची मिशी न् मिशी मोजता येईल असा फोटो आला. तो त्यानं स्टेटसला ठेवला, किती जणांनी पाहिला ते दिवसभर पाहिलं, आणि मेनूकडे पुन्हा पाहायचं मात्र राहून गेलं.

वस्तीवर पोचल्यावर त्यानं सासऱ्यांना अंगणात खाटेवर बसवलं. नवं धोतर, कोरा फेटा, खांद्यावर घोंगडी. सासूबाई, मुक्ताबाई, दारात उभ्या राहून लांबूनच फेट्याचा शेमला सरळ करायला सांगत होत्या.

“मागं बादशाला बांधू का?” आप्पारावांनी विचारलं. बादशा म्हणजे त्यांचा लाडका मेंढा. आता लांबच्या फिरतीवर पुतणे जात, आप्पारावांकडे घरापुरती मेंढरं आणि हा बादशा उरला होता. शिंगं अशी, की पाहुण्यांनी अंगणात येताना आधी त्याला वाट विचारावी.

“बांधा की मामा. बॅकग्राउंडला छान दिसेल. तसा तो धूसरच येणार. ही लेन्स मागचं सगळं धूसर करते.”

सोमेश्वरनं कॅमेरा रोखला. हिरवी चौकट येईना.

“मामा, डोळे जरा उघडा.”

“उघडेच हायती.”

“आणखी थोडे.”

“जावईबापू, जलमभर उन्हात मेंढरं बघितल्याली. आता येवढेच उघडतेत.”

सोमेश्वर डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, गुडघ्यावर बसला. ऊन असं की कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याला स्वतःचंच तोंड दिसत होतं. एवढ्यात आप्पारावांच्या फेट्याजवळ काहीतरी हिरवं चमकलं, कॅमेरा टिकटिकला आणि सोमेश्वरनं धडाधड बटण दाबलं.

“पकडला डोळा!” तो ओरडला.

पकडला होताच. फोटो लगेच मोबाईलवर आले आणि मोबाईलच्या पडद्यावर बोटाएवढे सगळेच फोटो बरे दिसतात. अभिमन्यूला फ्लेक्सवाल्याचे फोनवर फोन येत होते. त्यानं एक फोटो न उघडताच पुढं ढकलला.

एक जानेवारीला सकाळी फ्लेक्सची गुंडाळी आली. स्टेजच्या मागं दोघं शिडीवर चढले आणि वरच्या दोऱ्या बांधून त्यांनी गुंडाळी खाली सोडली. आधी अक्षरं दिसली : ‘ज्यांच्या मागे आम्ही सारे चालतो, ते आमचे आधारस्तंभ, श्री. आप्पाराव’. मग शिंगं दिसली. मग कपाळ. मग एक पिवळाधमक डोळा, इतका स्वच्छ, की त्यात सोमेश्वरचं आणि कॅमेऱ्याचं चिमुकलं प्रतिबिंब ओळखू यावं. मग लोकर. आणि सगळ्यात खाली, ओळीनं गोल गोल चौकटीत, हात जोडलेले शुभेच्छुक. त्यात पहिला अभिमन्यू.

मांडवातले सगळे स्टेजपुढं जमले. आचारीसुद्धा झारा हातात घेऊन येऊन उभा राहिला.

अभिमन्यूनं फ्लेक्सवाल्याला फोन लावला. “आरं बाबा, फोटोत माझा बाप हाय की!”

“व्हय?” पलीकडून आवाज आला. “मेंढ्याच्या पुढं कायतरी भुरकट दिसायलं व्हतं. मला वाटलं पोतं हाय. कॉम्प्युटरला म्हनलं, जे क्लिअर हाय ते ठिव. त्यानं ठिवलं.”

“अन् पंच्याहत्तरी मेंढ्याची आसती का बे?”

“साहेब, लोक कुत्र्याचे वाढदिवस करायलेत. आमी कुनाकुनाला इचारावं?”

अभिमन्यूनं फोन ठेवला आणि दाजींकडे पाहिलं. सगळ्या मांडवानं दाजींकडे पाहिलं. सोमेश्वर मात्र एकट्या आप्पारावांकडे पाहत होता. म्हातारा काठी टेकत फ्लेक्सपाशी गेला आणि मान वर करून बराच वेळ उभा राहिला.

“बादशा लई भारी आलाय,” तो म्हणाला. “शिंगाची वळी न् वळी दिसायली.” मग त्यानं फ्लेक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. “अन् मी कुठं हाय ह्यात?”

विचारण्यात राग नव्हता. कपाटात घोंगडी सापडत नसली की विचारावं तसं विचारलं होतं. म्हणूनच सोमेश्वरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दारातून मुक्ताबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. एवढी वरसं घरात फोटो नव्हता, तरी संसार झालाच की,” आणि पदर सावरत आत गेल्या. आत त्यांना काहीही काम नव्हतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मोहिनीनं नवऱ्याच्या गळ्यातून कॅमेरा काढून घेतला आणि चालू करून त्याचा पडदा पाहिला.

“अहो, ह्या कोपऱ्यात कुत्र्याचं चित्र कावून हाय?”

“कुठं?”

“हे काय. बारीकसं. कान दिसायलेत.”

सोमेश्वरनं पाहिलं. जनावराचा पर्याय चालू असल्याची ती खूण होती. परवाच्या मांजरीपासून ती तिथं इमानानं बसून होती.

“म्हंजी कॅमेऱ्याची चूक न्हाई,” मोहिनी शांतपणे म्हणाली. नवऱ्याला याहून जास्त लागेल असं वाक्य तिला सापडलं नसतं.

फ्लेक्स उतरवावं म्हणून अभिमन्यू शिडीकडे धावला, तोवर दोन गाड्या धुरळा उडवत आल्याच. विजयसिंह आले होते. भागातले मोठे पुढारी; त्यांच्या हातून सत्कार व्हावा म्हणून अभिमन्यूनं किती दिवस त्यांच्या ओसरीवर चपला झिजवल्या होत्या. ते उतरले, हात जोडले आणि फ्लेक्स पाहून जागीच थांबले.

“हे कुणाचं डोकं?” त्यांनी विचारलं.

“बादशाचं,” आचारी म्हणाला.

“तसं नव्हं. कल्पना कुणाची?”

अभिमन्यूनं दाजींकडे बोट दाखवायला हात उचललाच होता.

“स्वतःचा फोटो लावणारे रोज बघतो आमी,” विजयसिंह म्हणाले. “ज्या जनावरानं घर चालवलं त्याला मान देणारा मानूस आज बघितला. वा!”

अभिमन्यूचं बोट वाटेतच वळलं आणि स्वतःच्या छातीवर येऊन टेकलं. “माझी, साहेब. लई दिवसापासून मनात व्हतं.”

पुढं भाषणात विजयसिंहांनी बादशाचं नाव इतक्यांदा घेतलं, की सत्काराची शाल कुणाच्या अंगावर पडते याची लोकांना काळजी वाटू लागली. ती आप्पारावांच्याच अंगावर पडली. बादशाला हार घातला, तो त्यानं भाषण संपायच्या आत खाल्ला.

गाड्या गेल्या, पंगती उठल्या. सोमेश्वर सासऱ्यांपाशी येऊन म्हणाला, “मामा, एकदा बसता का? आता मेनू बघून आलोय.”

आप्पाराव दमले होते, तरी बसले. जावयाचं मन मोडायची त्यांना सवय नव्हती. बादशाला गोठ्यामागं नेऊन बांधलं. मोहिनीनं चादर धरून सावली केली. पण चौकट काही बसेना. एकदा कपाळावर गेली, एकदा मिशीवर रेंगाळली. फेट्याखाली डोळ्यांच्या दोन बारीक रेघा, त्या कॅमेऱ्यानं सुरकुत्यांत धरल्या असाव्यात. सोमेश्वरला घाम फुटला.

मुक्ताबाई दारात येऊन हे पाहत होत्या. त्या दोन पावलं पुढं आल्या आणि एकदम ओरडल्या, “आवो, मेंढरं हरभऱ्यात घुसली की!”

आप्पारावांचे डोळे टाण्णकन उघडले. घारे, पाणीदार, सोमेश्वरनं लग्नापासून कधीच न पाहिलेले. हिरवी चौकट झेपावून बसली आणि सोमेश्वरनं बटण दाबलं.

“कुठं? कुठली मेंढरं?” आप्पाराव खाटेवरून उठलेच.

“बसा खाली,” मुक्ताबाई म्हणाल्या. “हरभरा दोन शेतं पल्याड हाय.”

या वेळी मोहिनीनं फोटो आधी मोठा करून पाहिला, नंतर नवऱ्याला पाहू दिला. पापणीचे केस मोजता येत होते. फेटा थोडा ढळलेला, ओठ अर्धवट उघडे, आणि डोळ्यांत असा जाळ की पाहणाऱ्यानं हरभऱ्यातून बाजूला व्हावं. मुक्ताबाईंनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ परत दिला नाही.

“असेच दिसायचे,” त्या म्हणाल्या. “लगीन झालं तवा.”

तो फोटो आज त्यांच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे. येणारे-जाणारे त्याच्याखाली जरा अंग चोरून बसतात.

सोमेश्वरचं नावही झालं. विजयसिंहांच्या माणसांनी फ्लेक्सचा फोटो भागभर फिरवला होता आणि मूळ फोटो कुणी काढला ते मांडवातल्या लोकांनी सांगून टाकलं होतं. पंधरवड्यातच त्याला फोन येऊ लागले. कुणाचा खिल्लारी बैल, कुणाची शेळी, कुणाचा शर्यतीचा घोडा. तो प्रत्येकाला समजावून सांगायचा, की मी मुळात माणसांचे फोटो काढतो. लोक ‘बरं बरं’ म्हणायचे आणि बैल कधी घेऊन येऊ ते विचारायचे.

मग माजलगावहून बद्रीनाथ नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला.

“साहेब, फॅमिली फोटो काढायचाय. मी, मंडळी, दोन्ही पोरं, आई.”

सोमेश्वर खुर्चीतून उठून उभा राहिला. मोहिनीला ऐकू जावं म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला. “पुन्हा सांगा, काय म्हणालात?”

“फॅमिली फोटो. सगळी मानसं एका रांगेत उभी करतो.”

“अवश्य! रविवारी येतो. कपडे शक्यतो फिक्या रंगाचे घाला, आणि आईंना मध्ये बसवू.”

“मधी न्हाई जमायचं साहेब, मधी म्हैस हाय. इकायचीय. मानसं मागं उभी केली की गिऱ्हाइकाला उंचीचा अंदाज येतो.” बद्रीनाथ धीर देत म्हणाला, “अन् मानसं भुरकट आली तरी चालतील बरं का. तुमचं ऐकून हाय आमी.”