उत्तरसूचीप्रमाणे आजोबांना बरं वाटलं

तिसरीच्या वर्गाला वाचलेलं कळत नाही, हे सोमवारी सकाळी कागदोपत्री सिद्ध झालं आणि तिसरीच्या सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. अख्ख्या वर्गातलं एकही पोर पास नव्हतं.

"पोरं घडाघडा वाचतात म्हणून तुम्ही कॉलर ताठ करून फिरता, सर. अर्थाच्या नावाने मात्र शंख आहे."

"बाई, माझी पोरं अशी नाहीत."

"मग ही कोणाची आहेत? नावं वाचून घ्या."

सरांना शाळेत मागून सगळे 'काटा' म्हणत. तराजूचा काटा जसा कोणाचं तोंड बघत नाही, तसे सर गुण देताना बघत नसत. वाचलेलं कितपत समजतं याची तपासणी दर सहामाहीला व्हायची. मूल एक छोटा उतारा वाचणार आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहिणार. मागच्या खेपेला उतारा एका जुन्या पुस्तकातून घेतला होता आणि शिकवणीवाल्यांनी तो आधीच पाठ करून घेतला होता. निम्म्या पोरांनी कागद हातात यायच्या आत उत्तरं सांगितली. तेव्हापासून ठरलं की उतारा ज्याने त्याने स्वतः रचायचा. त्यावर सरांनी आणखी दोन नियम हट्टाने मंजूर करून घेतले. उत्तरं दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाने तपासायची, आणि उत्तरसूचीत आहे तेच बरोबर धरायचं. "नाहीतर दया येते," ते म्हणाले होते, "आणि दयेने गुण फुगतात." आता स्वतःचाच नियम स्वतःच्या गळ्याशी आला होता.

उतारा लिहायला सर बसले होते ते आठवडाभर आधीच्या रविवारी दुपारी, रिकाम्या घरात. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. महिनाभर म्हणून गेली, नात झाली, नातीचं नाव ठेवून झालं, नात हसायला लागली, तरी बायको काही परतायचं नाव काढत नव्हती. आणि सरांच्याने काही 'ये' म्हणवत नव्हतं. निघताना तिने विचारलं होतं, "तुमचं कसं होईल हो?" तेव्हा हे ऐटीत म्हणाले होते, "माझं काय व्हायचंय? सावकाश ये. मला जरा शांतता मिळेल." शांतता भरपूर मिळाली. इतकी मिळाली, की नळ ठिबकायला लागला तर सर तो लगेच बंद करत नसत, कारण घरात तेवढाच काय तो आवाज होता. रोज फोन व्हायचा. "जेवलात का?" "जेवलो. बाळ?" "झोपलंय." एवढ्यावर संसार आटपायचा, आणि फोन ठेवल्यावर सर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायचे. त्यांना तिची फार आठवण यायची, जीव कासावीस व्हायचा. पण तीस वर्षांत जे कधी बोलले नाहीत ते आता कोणत्या तोंडाने बोलणार?

तर त्या दुपारी त्यांनी एकटाकी उतारा लिहिला:

'एक आजोबा होते. त्यांच्या घरी एक मांजर होती. एके दिवशी मांजर समोरच्या घरी राहायला गेली. आजोबा म्हणाले, बरं झालं, आता शांतता मिळेल. आजोबा रोज सकाळी बशीत दूध ओतत. संध्याकाळी ते दूध टाकून देत आणि बशी धुऊन ठेवत. ते दार थोडं उघडं ठेवत. ते म्हणत, फार उकडतं.'

खाली प्रश्न. मांजर गेल्यावर आजोबांना कसं वाटलं? आजोबा दूध का ओतत? दार उघडं का ठेवत? आणि उत्तरसूचीत सरांनी ठाशीव अक्षरात लिहिलं: बरं वाटलं. सवय होती म्हणून. उकडत होतं म्हणून. लिहिताना त्यांच्या मनात तिळभरही शंका आली नाही, हे मुद्दाम सांगायला हवं.

आता मोठ्या बाईंच्या टेबलाशी उभे राहून ते पोरांची उत्तरं वाचू लागले. 'आजोबांना खूप वाईट वाटलं.' 'आजोबांना रडू येत होतं पण मोठी माणसं रडत नाहीत.' 'मांजर परत आली तर तिला दार ढकलायला लागू नये म्हणून.' एकीने तर पुराव्यासकट लिहिलं होतं: 'उकडत असतं तर त्यांनी खिडकी उघडली असती.' प्रत्येक उत्तरावर दुसरीच्या बाईंनी इमानेइतबारे लाल फुली मारली होती.

"हे काय आहे?" सर म्हणाले. "असं कुठे लिहिलंय उताऱ्यात?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय," मोठ्या बाई म्हणाल्या. "जादा तास घ्या. शनिवारी पालकांना बोलावलंय."

जादा तास सुरू झाला. शाळा सुटल्यावरही बसावं लागलेली पोरं आधीच फुगली होती. सरांनी फळ्यावर उतारा लिहिला.

"नीट बघा. आजोबा स्वतःच्या तोंडाने काय म्हणाले?"

"बरं झालं म्हणाले," पोरं एका सुरात म्हणाली.

"मग त्यांना कसं वाटलं?"

"वाईट."

पालथ्या घड्यावर पाणी. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. तिला वर्गात 'वकीलबाई' म्हणत. "सर, माझा भाऊ मामाकडे गेला ना, तेव्हा मीपण आईला म्हटलं बरं झालं. मग रात्री त्याच्याच गादीवर झोपले."

"तुझं सोड. आजोबांचं सांग."

"आजोबांचंच सांगतेय."

सरांनी विषय आवरता घ्यावा म्हणून उतारा स्वतः मोठ्याने वाचायला घेतला. सगळं ठीक चाललं होतं. 'बशी धुऊन ठेवत' इथे आल्यावर मात्र त्यांचा आवाज चिरकला आणि पुढचं वाक्य काही केल्या बाहेर पडेना. वकीलबाईने आपली पाण्याची बाटली उघडून त्यांच्यापुढे धरली. सर म्हणाले, खडूची धूळ गेली घशात. पोरांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यांना ते उत्तरही पटलेलं दिसलं नाही.

शनिवारच्या सभेत पालक बाह्या सरसावूनच आले होते. मोठ्या बाईंनी गंभीर चेहऱ्याने उतारा वाचून दाखवला. खोलीत कोणी तरी सुस्कारा टाकला. मग एक ड्रायव्हरकाका उठले. "बाई, त्या म्हाताऱ्याला त्या मांजरीशिवाय करमत नाही, एवढं सरळ आहे. माझं पोरगं तेच लिहितंय. त्यात चुकलं कुठे?"

"उत्तरसूचीप्रमाणे आजोबांना बरं वाटलं," सर म्हणाले.

"सूची कोणी लिहिली?"

"मी."

"आणि उतारा?"

"मीच."

"मग तुम्ही तुमचं तुम्हीच नीट वाचा एकदा," ड्रायव्हरकाका म्हणाले, आणि पालकांत हशा पिकला. मोठ्या बाईंनी दुसरीच्या बाईंकडे आधारासाठी बघितलं. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मी आपली सूचीप्रमाणे फुल्या मारल्या, बाई. मला परीक्षेला बसवलं असतं तर मीही नापासच." मग मोठ्या बाईही हळूच म्हणाल्या, की खरं सांगायचं तर त्यांनाही दुधापाशी जरा भरून आलं होतं. सर तोंडघशी पडले. सोमवारपर्यंत सूची तरी बदला नाहीतर कारण तरी द्या, असं ठरून सभा उठली.

घरी येऊन सर चपला न काढताच खुर्चीवर बसले. जगात एक तरी माणूस आपल्या बाजूचं निघावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. त्यांनी फोन लावला.

"आज लवकर केलात?" बायको दबक्या आवाजात म्हणाली. "बाळ आत्ताच झोपलंय. जेवलात का?"

"ते राहू दे. एक उतारा वाचतो, ऐक. मग मी प्रश्न विचारतो."

"मला? आता या वयात परीक्षा?"

"छोटा आहे गं."

त्यांनी वाचला. या वेळी आवाज चिरकू दिला नाही. पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"सांग. मांजर गेल्यावर आजोबांना कसं वाटलं?"

"बरं वाटलं," ती म्हणाली. विचार करायलाही थांबली नाही.

"कशावरून?"

"तेच म्हणाले ना तसं. शांतता मिळेल म्हणाले."

"आणि दूध?"

"सवय असेल. सवयी कुठे सुटतात अशा."

"दार?"

"उकडत होतं ना?" मग जरा थांबून ती म्हणाली, "इकडे लेक रोज म्हणते, आई, बाबा एकटे आहेत, जा आता. मी म्हणते, राहू दे गं. त्यांना शांतता हवी होती, मिळतेय तर मिळू दे."

सूचीप्रमाणे तिला पैकीच्या पैकी गुण होते. अख्ख्या शाळेत, पालकांत, मास्तरांत जे उत्तर कोणाला आलं नाही ते तिने शब्दन् शब्द दिलं होतं. सर ज्या उत्तरासाठी आठवडाभर भांडत होते तेच हे उत्तर, आणि आता नेमकं तेच त्यांना नकोसं झालं. तीस वर्षं ही बाई त्यांचा उतारा असाच वाचत आली होती, जे लिहिलंय तेवढंच, कारण त्यांनी दुसरं काही तिला कधी दिलंच नव्हतं.

"बरोबर ना?" तिने विचारलं.

हो म्हटलं असतं तर एक मत तरी पदरात पडलं असतं.

"चूक," सर म्हणाले. "तिन्ही चूक."

"अगोबाई. मग बरोबर काय?"

सरांनी घसा खाकरला. "आजोबांना करमत नाही."

"कोणत्या आजोबांना?"

इतक्या सोप्या प्रश्नाला इतका वेळ लावणारं पोर सरांनी बाकावर उभं केलं असतं. ते खुर्चीतून उठले, पुन्हा बसले.

"मला," ते म्हणाले. "मला करमत नाही. तू ये."

फोन कट झाला की काय म्हणून सरांनी तो कानावर आणखी दाबला. आणि मग, बाळ आत्ताच झोपलंय हे साफ विसरून तिने लेकीला मारलेली हाक त्यांना स्वच्छ ऐकू आली, "अगं, माझी बॅग कुठे ठेवलीस?"