आंब्याच्या लग्नाचा पंचनामा

सन एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या तुलारामच्या आंगनातल्या आंब्याले पहिल्यांदा फळ धरलं, आनि या गोष्टीची सरकारले काईच खबर नव्हती. सारा घोटाळा अठीसूनच सुरू झाला.

आमचं गाव आसगावच्या थोडं आत. धानाचा मुलूख. शेताच्या धुऱ्याधुऱ्यावर गावरान आंबे आहेत, पन असे आंबट का एक चोखला तं दोन डोळे मिटतेत. तुलारामचा आंबा तसा नव्हता. त्यानं पाच वर्साआधी पवनीहून कलम आनलं होतं, सायकलच्या मांगं बांधून, तापातल्या लेकराले दवाखान्यात न्यावं तसं जपून. विहिरीजवळ लावलं, भोवताल बाभळीचे काटे रोवले. त्याची बायको रुखमा तांदूळ धुतल्याचं पानी बी दुसऱ्या झाडाले देत नव्हती. आंगनात जाम होता, पपई होती, सिताफळ होतं, पन जीव सारा आंब्यावर. दोन साल मोहोर आला तं तुलारामनं आपल्या हातानं खुडून टाकला. म्हने, आधी झाडाचं आंग भरू दे, मंग फळ. सरकार जे आमाले शिकवाले येनार होतं, ते तुलारामनं झाडाले आधीच शिकवून ठेवलं होतं.

त्या साली त्रेसष्ट आंबे धरले. रुखमानं फांदी वाकवून पाडाचा एक नाकाशी धरला तं तिची सासू गोदावरीबाई ओसरीवरून वरडली, "सोड वं त्याले! झाडाचं लगन नाई झालं आनि फळ खातं काय?"

आमच्याकडं असंच आहे. ज्यानं आंबा लावला, त्यानं झाडाचं लगन लावल्याबिगर फळ तोंडात घालाचं नाई. गावानं खाल्लं तं चालते, पाखरानं खाल्लं तं चालते, मालकानं नाई.

"मंग लावून टाकू लगन," तुलाराम म्हने. "पाच साल थांबलो, चार दिवसानं का होते?"

नवरी पाहाले लांब जा नाई लागलं. विहिरीच्या तिकडच्या आंगाले सिताफळ उभं होतं, वयात आलेलं. दोघायले हळद लावली, बाशिंग बांधलं. मधात तुलारामचं धोतर धरलं, अंतरपाट म्हनून. मंगलाष्टक मी म्हन्लं, कारन भटजी म्हने एवढ्या उन्हात मी मानसायचं बी लावत नाई. मले दोनच येतेत, तेच आलटून पालटून सात डाव म्हन्लं. भात, वरन, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. पुरा गाव जेवला.

जेवनाऱ्यात आमचा ग्रामसेवक ताराचंद बी होता. तीन डाव बुंदी घेतली त्यानं. हात धुतला, धोतराच्या अंतरपाटालेच पुसला, आनि पिशवीतून रजिस्टर काढलं.

तवा आनीबानी होती. हरेक कचेरीले काई ना काई करून दाखवा लागे. ताराचंदच्या लग्न नोंदनीच्या रजिस्टरात पुऱ्या उन्हाळ्यात एक बी नोंद नव्हती, कारन पंगतीत किती मानसं बसवायची यावर बी सरकारचा हुकूम होता आनि लोक लगनं गुपचूप उरकत होते.

"तुलाराम, वराचं नाव सांग."

"झाडाचं लगन आहे जी, साहेब."

"मला दिसतंय. नाव सांग."

"आंबा."

"बापाचं नाव?"

तुलाराम डोकं खाजवाले लागला. "लावलं तं मीनंच."

ताराचंदनं लिहिलं, तुलाराम. "वय?"

"पाच सालाचा आहे."

"वधूच्या बापाचं नाव?"

"तेई मीनंच लावलं."

ताराचंदचा पेन थांबला. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एकाच बापाचे दोघं? आणि वय पाच? हे प्रकरण माझ्या अधिकाराच्या बाहेरचं आहे."

"अगा, झाड आहे म्हनून लिव्ह ना बाजूले!" मी म्हन्लं.

"तसा रकाना नाही," ताराचंद म्हने. "धर्म आहे, धंदा आहे, शिक्षण आहे. झाड हा रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते शासनाला दिसत नाही. इथे सही करा."

मी केली. मी दुसरी पास आहे, सही येते, म्हनून गावच्या साऱ्या कागदावर पंच नंबर एक मीच.

तिसऱ्या दिवशी जीप आली. आता त्या साली जीपचा आवाज आला का आमच्या गावचे गडी काय करत, ते सांगतो. पाय लावून पळत. कोनी धानाच्या तनसीच्या ढिगात घुसे, कोनी तलावात गळ्यापर्यंत उभा राहे. नसबंदीचे ऑपरेशनवाले धरून नेत म्हनून. पन ही जीप दुसरी होती. तालुक्याचे साहेब उतरले, हातात ताराचंदचा कागद.

"बालविवाह," साहेब म्हने. "वर कुठे आहे?"

तुलारामनं बोट दाखवलं. साहेबानं झाड पायलं. मांगं उभ्या कारकुनाकडं पायलं. कारकुनानं जिमिनीकडं पायलं. आमाले वाटलं आता साहेब हासतीन आनि जातीन. पन साहेबानं कागदावर वरच्या साहेबाची सही पायली, आनि वरच्या साहेबानं ज्यावर सही केली ते हासन्यासारखं कसं असन?

"जबाब घ्या," साहेब म्हने.

कारकून झाडासमोर बसला आनि त्यानं लिहिलं, मी सांगतो तसंच्या तसं: 'वरास विचारपूस केली असता तो गप्प राहिला. पुन्हा विचारले असता पाने हलविली. सबब गुन्हा मान्य असल्याचे दिसते.'

झाडाच्या बुडाले कागद चिकटवला: निकाल लागेपर्यंत वरानं गाव सोडू नये, आनि फळं पुरावा असल्यानं घरच्यायनं हात लावू नये. साहेबानं नमुना म्हनून आठ आंबे नेले. पंच म्हनून एक मले देल्ला.

रुखमा पदर खोचून उभी होती. "साहेब, आंबे पिकून राहिले जी. चार दिवसात गळतीन."

"मग पुरावा नष्ट केल्याचं कलम लागेल, बाई."

"गळला तं आपोआप गळते ना जी! मी का त्याले धक्का देतो?"

"ते चौकशीत निघेल."

त्या दिवसापासून रुखमा झाडाखाली गोधडी हातरून बसली, आंबा गळला तं अलगद झेलाले. एक झेलला बी. त्याचा वेगळा पंचनामा झाला, आनि तो बी पुरावा म्हनून नेला.

सुटायची वाट साहेबाच्या ड्रायव्हरनं सांगतली. वय पाच आहे म्हनून गुन्हा. डॉक्टरानं वय वाढवून देल्लं तं गुन्हाच नाई. तुलाराम सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टर भला मानूस. त्यानं झाडाची उंची विचारली, घेर विचारला, पुस्तकातला तक्ता पायला आनि लिहून देल्लं: 'उंची चौदा फूट. शरीरयष्टी उत्तम. वय अंदाजे पंचवीस.' तुलाराम कागद घेऊन नाचत घरी आला.

"रुखमे, सुटला आपला पोट्टा! उद्या आंबा खाऊ!"

पन दवाखान्यातला कागद दवाखान्यात बी राहते. नक्कल नर्सबाईच्या टेबलावर गेली. सत्यभामाबाई नर्स. मनाची चांगली बाई, पन तिच्यावर बी कोटा होता: महिन्याच्या आखरीपर्यंत आमच्या गावातून एक केस, नाई तं पगार बंद. आनि केस कुठून आननार? गडी सारे तलावात. तिनं कागद वाचला. वय पंचवीस. विवाहित. पुरुष. पत्ता कायम. आनि पळून जात नाई. त्या माउलीच्या डोळ्यात पानी आलं.

दुसऱ्या दिवशी ती जिल्ह्याच्या साहेबाले घेऊनच आली. मांगं तालुक्याचे साहेब, त्यायचा ड्रायव्हर, डॉक्टर आनि ताराचंद बी.

"अपत्ये किती?" जिल्ह्याचे साहेब म्हने.

"त्रेसष्ट होते जी. दहा नेले. त्रेपन उरले," तुलाराम म्हने.

साहेब खुर्चीतून उठले. "त्रेपन्न! आणि तुम्ही इतके दिवस गप्प? या एका जोडप्यानं पूर्ण तालुक्याची सरासरी बिघडवली आहे! सिस्टर, केस घ्या."

"कशी घ्यायची, सर? कुठं कापायचं?" सत्यभामाबाईनं हळूच विचारलं.

साहेबानं झाड वरपासून खालपर्यंत पायलं. "ते तांत्रिक आहे. मधोमध कापा."

रुखमा विळा घेऊन झाडाले पाठ टेकून उभी राहिली. "कापून पाहा! पाच साल पानी पाजलं मीनं याले. आधी कोन कापाले येते त्याचं नाव सांगा, त्याच्या बापाचं सांगा, मी बी लिवून घेतो!"

गोदावरीबाई ओसरीवरून म्हने, "सूनबाई, वय बी विचार त्याले!"

पुरा गाव जमा झाला होता. आता खरं सांगाले पाहिजे. त्या डाव आमच्यातल्या चार जनायनं जरी म्हन्लं असतं का साहेब, हे झाड आहे, घरी जा, तं गोष्ट तठीच मिटली असती. पन सत्यभामाबाईच्या यादीत एकच केस पाहिजे होती, आनि आंब्याच्या खाली दुसरं नाव होतं. ते माह्यं होतं. मी पुढं झालो. म्हन्लं, "साहेब, हा आंबा मी लहानपनापासून ओळखतो. पुरा मानूस आहे जी. याचीच केस घ्या." आनि साऱ्या गावानं माना हालवल्या. मांगं उभ्या गड्यायच्या आंगावरून तलावाचं पानी अजून गळत होतं.

तुलाराम माह्याकडं पाहूनच राहिला.

शेवटी विळा पाहून साहेबानं तोडगा काढला. ऑपरेशन कागदावर. झाडाले दोन फळं ठेवायची, बाकीचे एकावन अतिरिक्त अपत्य म्हनून शासनामार्फत दत्तक द्यायचे. अर्धा घंटा बी लागला नाई. एवढं मायाळू सरकार मी कधी पायलं नाई. जिल्ह्याच्या साहेबानं वीस लेकरं घेतली, तालुक्याच्यानं बारा, डॉक्टरानं सहा. ड्रायव्हर म्हने, माह्या घरी बायको आहे, एखादी पोरगी द्या, म्हनून त्याले केशरी गालाची पाच देल्ली. ताराचंदनं तीन, पन पावती फाडून. उरले पाच मले, गावचा जुना पंच म्हनून. सत्यभामाबाईनं एक बी घेतला नाई. तिचा पगार सुटला होता. केसमांगं एक प्लास्टिकची बादली मिळे, ती झाडाच्या फांदीले अडकवली आनि फोटो काढला.

दोन आंबे उरले. एक तुलारामचा, एक रुखमाचा. रुखमानं दोन्ही तोडून पाटावर ठेवले. तेवढ्यात ताराचंद परत आला.

"दोघं एकाच वेळचे का?"

"हो जी."

"दोन अपत्यांत तीन वर्षांचं अंतर पाहिजे. भिंतीवर मीच रंगवलंय." त्यानं एक पिशवीत टाकला.

एक उरला.

"अर्धा अर्धा खाऊ," रुखमा म्हने. सुरी लावनार तोच जीप. जिल्ह्याच्या साहेबाचा मानूस. त्रेपन अपत्यावरून एकावर आलेलं कुटुंब पुऱ्या जिल्ह्यात एकच, भंडाऱ्याले सत्कार ठेवला आहे, वर येऊ शकत नाई तं अपत्याले पाठवा. उशीवर ठेवून नेला आंबा. मी बी गेलो संगं, पंच म्हनून. मंचावर त्याले हार घातला, भाषनं झाली. टाळ्या वाजल्या. मंग मान्यवरायनं कार्यक्रमाच्या आखरीत त्याचा आस्वाद घेतला. फोडी पातळ केल्या, साऱ्यायले पुरल्या. मले बी एक आली.

आठ दिवसानं तुलारामच्या घरी प्रमानपत्र आलं, आनि रुमालात बांधलेली कोय. संगं चिठ्ठी: 'सदर जोडप्यास फळ खाण्यास शासनाची हरकत नाही.'

सांजच्याले मी त्याच्या आंगनात गेलो. तोंड दाखवाची लाज वाटे, पन गेलो. तुलाराम विहिरीच्या काठावर बसला होता, हातात कोय. चोखून पायली होती त्यानं, पन सुकून लाकूड झाली होती.

"तू किती खाल्ले गा?" त्यानं विचारलं.

"सहा," मी म्हन्लं. "आनि एक फोड."

रुखमा दारात उभी राहून आयकत होती. तुलारामनं कोय या हातातून त्या हातात घेतली. मले वाटलं आता शिवी देईन. मी तयार होतो.

"गोड होता का?" तो म्हने.

"लय गोड होता, बापा."

त्यानं डोळे मिटले आनि घोट गिळला. बस, त्या साली त्याच्या वाट्याले तेवढाच आंबा.

ही गोष्ट मी लय जागी सांगतली. आंब्याच्या लग्नाले लोक हासतेत, झाडाच्या जबाबाले हासतेत, मंग हळूच इचारतेत, कोनती जात होती जी त्या आंब्याची? गरात रेषा होत्या का? कलम भेटन का आमाले? आतापर्यंत तलावातल्या गड्यायचं कोनी इचारलं नाई, आनि तुलारामनं पुढच्या साली तरी खाल्ला का, हे बी नाई. तुमच्या बी तोंडाले पानी सुटलं असन. सुटू द्या, लाजू नोका. फक्त या पंचनाम्याच्या खाली एक सही करा. माह्या सहीच्या खाली जागा आहे.