जुन्या फाइली

राजेंद्रच्या घरात सध्या एकच कायदा चालत होता. कुळगावची खोली सोडून सोनिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये जाताना जुनं काही न्यायचं नाही. कायदा बायकोचा, संध्याचा. त्यावर त्याच्या आईने, भिमाबाईंनी, पाटा-वरवंट्यावर हात ठेवून सांगून टाकलं, "जुनं नको ना? मग मी कुठं नवी हाय? मी हितंच राहते." आईला मागे टाकून नव्या घरात पाय ठेवायचा कसा, या विचाराने राजेंद्रला जेवण जाईना. पण बायकोपुढे आवाज फुटत नव्हता. तिने "हे टाकू?" विचारलं की तो मुकाट्याने "टाक" म्हणायचा.

तो अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत दाब-तापमान मोजणारी यंत्रं सांभाळायचा. प्लांट दुरुस्तीसाठी बंद होता, दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायचा होता, आणि त्याआधी सगळी यंत्रं लॅपटॉपवरून जुळवायची होती. पण त्या लॅपटॉपचा स्वभाव मानी. ज्या यंत्राच्या माहितीची फाइल त्याच्याकडे नाही, त्याला तो लग्नातल्या रुसलेल्या मामासारखा ओळखच दाखवत नसे.

नवीन आलेल्या यंत्राकडे त्याने अशीच पाठ फिरवली, म्हणून राजेंद्रने नव्या फाइलींची सीडी घातली. मध्येच लॅपटॉपने विचारलं, जुन्या फाइली काढून टाकू का? घरची सवय. राजेंद्रने 'हो' दाबलं.

नवीन यंत्राची ओळख पटली. बाकी अख्ख्या प्लांटची गेली.

साहेब पाठीमागे येऊन उभे राहिले. सकाळी प्लांट सुरू झाला नाही तर तुमचं काय करायचं ते मी बघतो, एवढंच ते म्हणाले. शेजारी काम करणारा मुकेश म्हणाला, "अरे, जुनी ओरिजनल सीडी टाक ना. टेन्शन कायको लेता है?"

ती सीडी कुणी लंपास करू नये म्हणून राजेंद्रने घरी नेऊन ठेवली होती. कालच ती त्याच्याच "टाक"ने भंगाराच्या गोणीत गेली होती.

तो स्कूटरवरून कुळगावला पोचला तेव्हा गोणी रिकामी होती. भिमाबाईंनी भंगारवाल्याला हाकलून एकेक वस्तू जागेवर मांडली होती आणि सीडी खिडकीत दोरीला टांगली होती.

"आई, ती सीडी दे. नोकरीचा प्रश्न आहे."

"ती काढली की कबुतरं येतात रे." भिमाबाई सावकाश पाटा पुसत होत्या. "देते. पण हा पाटा सोनिवलीला येनार. माझी पेटी पन. आन् मी पन."

राजेंद्रने सगळं कबूल केलं. सीडीवरचा कबुतरांचा प्रसाद रुमालाने पुसला, आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉपला जुने सोयरे पुन्हा ओळखू यायला लागले. प्लांट वेळेवर सुरू झाला.

रविवारी टेम्पो सोनिवलीला लागला. पुढे ड्रायव्हरशेजारी भिमाबाई, मांडीवर वरवंटा. संध्याने कपाळाला हात लावला. "अहो, हे सगळं कशाला आणलंत?"

"जुन्या फाइली आहेत," राजेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चक्क फुटला. "त्या काढल्या की कुणी कुणाला ओळखत नाही."

संध्या टेम्पोत चढली. तिने कोपऱ्यातल्या गाद्या बाजूला सारल्या. त्यांच्याखाली तिच्या माहेरचं गंजकं शिलाई मशीन तिनेच दडवलेलं होतं.

"मग हे पण घ्या वर," ती हळूच म्हणाली.