नवरदेवानं बोलायचं नसतं

किग्गुंडू मास्तरांनी ठरवलं, सुरुवातीला फुकट बोलायचं. एकदा नाव झालं की लोक आपणहून पैसे आणून देतील. झालं! तिथंच सगळं फसलं.

त्यांच्या मुलखात लग्न ठरवायला मुलाकडचे वाजतगाजत मुलीच्या दारी जातात, पण नवरदेवानं तोंड उघडायचं नसतं. त्याच्या वतीनं वक्ता बोलतो, आणि मुलीकडचा वक्ता आडवेतिडवे प्रश्न विचारून त्याला जेरीस आणतो. मास्तरांची जीभ अशी गोड, की मित्याना गावातली निम्मी लग्नं त्यांनीच जमवून दिली. पैशाचा विषय निघाला की, "राहू द्या हो, नाव होतंय ना!" (नाव झालं. 'तो फुकटवाला'.) लोक टाळ्या वाजवायचे, पोटभर जेवू घालायचे आणि जोडीजोडीनं आपापल्या गाडीत बसून निघून जायचे. मास्तर केळीच्या पानात बांधून दिलेलं मटोके, म्हणजे उकडलेल्या कच्च्या केळ्यांचा लगदा, मांडीवर घेऊन एकटेच घरी यायचे. घरी बोलायला कुणी नव्हतं. एवढं बोलून आल्यावर ती शांतता त्यांना फार खायला उठायची.

म्हणून नान्तोंगो नावाच्या मुलीनं लग्नाला होकार दिला तेव्हा मास्तर हरखून गेले.

"पण तुम्ही भाषणं करता हे आमच्या घरी सांगू नका हं," ती म्हणाली. "बोलका जावई बाबांना चालत नाही."

आता मास्तरांनाच वक्ता हवा होता. धंद्यातल्या एका जुन्या वक्त्याकडे गेले, तर तो उखडलाच. "फुकट बोलून आमची गिऱ्हाइकं तोडलीस, आणि आता माझ्याच दारात? चल, फूट!"

ज्यांची लग्नं जमवली होती त्यांना मास्तरांनी सोबत यायला सांगितलं, तर ते म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं तर माणसांची रीघ लागणार! आम्ही एक नसलो तर काय बिघडतंय?" सगळेच तसं म्हणाले.

वक्ता म्हणून उरला नवशिका बोसा. "मला पैसे नकोत, मास्तर," तो छाती काढून म्हणाला. "मला फक्त नाव करायचंय."

मास्तरांनी त्यालाच ठरवलं. दुसरं करतात काय?

मुलीच्या दारात मंडप होता. वरपक्षासाठी खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या आणि त्यात बसले होते मास्तर, बोसा, आणि आहेराच्या टोपल्या उतरवून झाल्यावर हाताला धरून बसवलेला ड्रायव्हर. नान्तोंगो रीतीप्रमाणं आत, खोलीत.

बोसानं मास्तरांचंच एक जुनं भाषण पाठ केलं होतं. (त्या वेळच्या नवरीच्या नावासकट.)

"तुमच्या घरची लाडकी जोव्हिया आम्हाला द्या!"

या घरातली जोव्हिया म्हणजे नान्तोंगोची आत्या, साठीच्या पुढची. तिनं कमरेचा पट्टा सारखा केला.

"अगं बाई! मला जरा विचार तरी करू द्या."

हशा पिकला. बोसा गडबडला, पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला, आणि पुन्हा आत्यालाच मागणी घालून बसला.

मुलीचे काका तिकडचे वक्ते. ते उठले. "पोरा, खाली बस. अरे, तुमच्या मित्यानात तो एक जण आहे ना, फुकट बोलतो म्हणे! त्याला का नाही आणलंत?"

मास्तरांना राहवलं नाही. रीत गेली खड्ड्यात! ते ताडकन उठले. "काका, तो मीच!"

काकांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अरे बाबा, त्यानं निम्म्या गावाची लग्नं जमवलीत. त्याचं कार्य असतं तर इथं पाय ठेवायला जागा उरली असती का? थाप मारायची तर जरा बेतानं मार!"

मास्तर पुन्हा खाली बसले. खरं सांगायचं तर काकांचं म्हणणं त्यांनाही पटलं होतं.

"तोंड पाडू नकोस," काका मवाळले. "पोरगी आम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही. पुढच्या महिन्यात रीतसर या, त्या माणसाला घेऊन. येईल ना तो तुझ्यासाठी?"

मास्तरांनी मान डोलावली. नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.